एल्कसाठी कोणतं काडतूस घ्यावं?

माळरान

नमस्कार मंडळी,

आम्ही नवरा-बायको कोलोराडोत, डेन्व्हरच्या उत्तरेला राहतो. ऑक्टोबरअखेरीस जो दुसरा रायफल हंगाम सुरू होतो, त्यासाठी दोघंही एल्कचा (सांबरासारखं, पण थोराड हरीण) परवाना काढणार आहोत. हंटर एज्युकेशनचा कोर्स झाला (१ जानेवारी १९४९ किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला इथे तो सक्तीचा आहे). रेंजवर नेमाने जातो, पण आजवर हात बसला आहे तो फक्त .२२ वर. आता मोठी रायफल घ्यायची आहे आणि काडतुसापाशी घोडं अडलं आहे.

ऑफिसातले सगळे एका सुरात सांगतात, .३०० विंचेस्टर मॅग्नम घे. दुकानात गेलो की ६.५ क्रीडमूर पुढे येतं. शेजारचे आजोबा म्हणतात, .३०-०६ सोडून दुसरीकडे बघूच नकोस. राज्याचा नियम वाचला तर तो भलताच सौम्य निघाला: किमान .२४ कॅलिबर (म्हणजे गोळीची जाडी, इंचांत), एल्क आणि मूससाठी (मूस म्हणजे त्याहूनही मोठं हरीण) निदान ८५ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) फुलणारी, म्हणजे आत शिरल्यावर पसरणारी गोळी, आणि १०० यार्डांवर १००० फूट-पाउंड ऊर्जा. यात .२४३ सुद्धा बसतं. मग नियम आणि लोकांचा सल्ला यांत इतकी तफावत का?

आमची गरज अशी. जमलं तर दोघांचं काडतूस एकच असावं. बायकोची उंची पाच फूट दोन इंच आहे, तेव्हा खांद्याला झेपणारं हवं. ३०० यार्डांपलीकडे आम्ही बार टाकणार नाही, हे नक्की ठरलं आहे. चढ नऊ-दहा हजार फुटांपर्यंत, सामान सगळं पाठीवर. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे जनावर जायबंदी होऊन रानात पळता कामा नये. ज्याचं मांस वर्षभर खाणार, त्याला आपल्या हातून तडफड होऊ नये, ही आमची पहिली अट आहे.

भारतात १९७२ च्या कायद्यापासून शिकारीवर बंदी आहे याची कल्पना आहे. विचारतोय ते इथल्या परवानाधारक शिकारीबद्दलच.

पाचोळा

वाचनखूण साठवली. मी मिनेसोटात हरणाच्या शिकारीला जातो, .३०८ वापरतो. एल्कचा अनुभव नाही, त्यामुळे इथे वाचायलाच बसतो.

दूरदेशी

माळरान, प्रश्न नीट मांडलात. मी मोंटानात बरीच वर्षं एल्कच्या मागे फिरतो आहे, तेव्हा जरा सविस्तर लिहितो.

आधी जनावर डोळ्यांसमोर आणा. पूर्ण वाढलेला नर ३०० किलोच्या आगेमागे भरतो, आपल्या सांबरापेक्षा एकंदरीत थोराड. पुढच्या पायामागे, छातीच्या खालच्या निम्म्या भागात काळीज आणि फुफ्फुसं असतात. वर्माची ही जागा साधारण दहा ते बारा इंचांची. गोळी तिथे शिरून दोन्ही फुफ्फुसांतून गेली की एल्क काही सेकंदांत कोसळतो, मग ती गोळी .२७० ची होती की .३३८ ची, याने फारसा फरक पडत नाही. फुफ्फुसं चुकून गोळी मागे पोटात गेली, तर .३३८ सुद्धा तुम्हाला वाचवत नाही. जनावर डोंगर ओलांडून जातं आणि तुम्ही रात्रभर माग काढत बसता.

मग मोठ्या काडतुसाचा आग्रह कशासाठी? एल्क दर वेळी आडवा उभा राहत नाही म्हणून. तिरका उभा असला की गोळीला खांद्याचं जाड हाड फोडून किंवा ओल्या गवताने गच्च भरलेल्या कोठ्याच्या कडेने आत जावं लागतं. ओला चारा गोळीला विलक्षण अडवतो. अशा वेळी गोळी फुटून तिचे तुकडे झाले, तर वरवरची मोठी जखम होते आणि फुफ्फुसं शाबूत राहतात. यापेक्षा वाईट काही नाही.

म्हणून मी म्हणेन, काडतुसाच्या नावाआधी गोळीची बांधणी ठरवा. साधी गोळी म्हणजे शिशाचा गाभा आणि वर तांब्याचं आवरण. हरणाला ती पुरते. जवळून, जास्त वेगात, हाडावर बसली की आवरण एकीकडे आणि शिसं दुसरीकडे, असं होऊ शकतं. १९४६ मध्ये ब्रिटिश कोलंबियात जॉन नॉस्लर यांना मूसच्या बाबतीत नेमकं हेच दिसलं. हातात .३०० हॉलंड अँड हॉलंड, म्हणजे काडतूस दणकट, पण चिखल माखलेल्या जनावरात गोळ्या खोल जाईनात. त्यांनी गोळीच्या मधोमध तांब्याची आडभिंत घातली. पुढचा अर्धा भाग फुलतो, मागचा अर्धा शाबूत राहून आत शिरत राहतो. हीच पार्टिशन गोळी. १९४८ पासून ती बाजारात आहे आणि आजही एल्कला उत्तम चालते. तिच्यानंतर बॉन्डेड गोळ्या आल्या, ज्यांत शिसं आवरणाला जोडूनच टाकलेलं असतं. मग बार्न्स कंपनीने अख्ख्या तांब्याची गोळी आणली. ती फुलते तेव्हा तोंड कुत्र्याच्या छत्रीसारखं पसरतं आणि वजन जवळजवळ तेवढंच राहतं.

या तीनपैकी कुठलीही गोळी घ्या. मग .२७०, ७ एमएम-०८, .३०८, .३०-०६, ७ एमएम रेमिंग्टन मॅग्नम, काहीही चालेल. .२४३ कायद्यात बसतं खरं, पण नियम ही तळाची रेघ असते. ते काडतूस मी अनुभवी माणसाच्या हातात, जवळून आणि आडव्या जनावरावरच मान्य करेन.

अबोली

मी माळरानची बायको. दूरदेशी, मनापासून आभार. पोटाच्या कोठ्याचा मुद्दा आम्हाला कोर्समध्ये कुणी एवढा फोड करून सांगितला नव्हता.

माझा प्रश्न धक्क्याचा आहे. रेंजवर एका ओळखीच्या गृहस्थांची हलकी .३०-०६ मारून पाहिली. पहिल्या गोळीला काही वाटलं नाही, पुढच्या गोळ्यांना मात्र चाप दाबायच्या आधीच डोळे मिटायला लागले. याला सवय होते की हे असंच राहतं?

बिनचूक

अबोलीताई, मी पुण्यात रायफल नेमबाजी शिकवते. आमचं काम एअर रायफल आणि .२२ वर चालतं, शिकारीतलं मला काही कळत नाही. पण डोळे मिटण्याबद्दल खात्रीने बोलू शकते. ते सवयीने जात नाही. दुखणारी रायफल आणखी चालवत राहिलात तर उलट मुरतं.

ते ओळखायचा आणि मोडायचा उपाय एकच. जोडीदाराने तुमच्या नकळत मॅगझिनमध्ये खऱ्या काडतुसांत एखादं डमी काडतूस मिसळून ठेवायचं. डमी आलं की चाप दाबल्यावर नुसतं ‘टक्’ वाजतं, आणि त्या क्षणी नळीचं तोंड खाली डुबकी मारतं का ते दोघांनाही स्पष्ट दिसतं. खऱ्या बाराच्या दणक्यात हीच डुबकी झाकली जाते आणि माणूस रायफलला नावं ठेवतो. नळी स्थिर राहीपर्यंत पुन्हा .२२ वर या, मग मोठ्या रायफलीने मोजक्याच गोळ्या मारा. कानात बोंडं आणि वर मफ, दोन्ही घाला. निम्मी दचक आवाजाची असते.

आणि दस्त्याची लांबी बघून घ्या. बहुतेक रायफलींचा दस्ता साडेतेरा इंचांच्या पुढे असतो. तुमच्या उंचीला तो लांब पडणार. मान ताणून, डोकं पुढे काढून दुर्बिणीला डोळा लावावा लागतो, आणि धक्क्याला तिची कड भुवईवर बसते. आखूड दस्ता मिळतो, तो बसवा. धक्का तेवढाच राहील, पण खांद्याच्या खळग्यात नीट बसेल.

दूरदेशी

बिनचूक यांच्या शब्दाशब्दाशी सहमत. धक्क्याचे ढोबळ आकडे देतो. आठ पाउंडांच्या रायफलीत ६.५ क्रीडमूर १२-१३ फूट-पाउंड, .३०८ आणि .२७० सतराच्या आसपास, .३०-०६ वीस, ७ एमएम रेमिंग्टन मॅग्नम त्याच्या जवळपास किंवा किंचित वर, .३०० विंचेस्टर मॅग्नम २६ आणि पुढे, .३३८ तिशीपार. गोळी आणि दारूच्या भारानुसार थोडं इकडेतिकडे होईल.

डोंगरासाठी हलकी रायफल घ्यायचा मोह होतो, पण वजन उतरलं की धक्का त्याच प्रमाणात चढतो. साडेसहा पाउंडांच्या रायफलीत तेच .३०० विन मॅग २६ वरून ३२ वर जातं. ज्या गृहस्थांची हलकी .३०-०६ तुम्ही चालवलीत, तिची गत हीच असणार.

उत्तरवारा

स्वीडनमधून लिहिते आहे. इथे उत्तरेत आमच्या गावची शिकारमंडळी सप्टेंबरात मूससाठी रानात उतरते. इथला मूस तुमच्या एल्कपेक्षा अंगाने मोठाच, आणि तरी पिढ्यान्‌पिढ्या तो ६.५×५५ ने मारला जातो आहे. ते काडतूस १८९० च्या दशकातलं, सैन्यासाठी बनवलेलं.

इथला नियम मला फार समंजस वाटतो. गोळी ९ ते १० ग्रॅमची असेल, तर १०० मीटरवर २७०० जूल ऊर्जा लागते. १० ग्रॅम किंवा त्याहून जड असेल, तर २००० जूल पुरतात. जड, लांब गोळी कमी वेगातही खोल जाते हे इथल्या कायद्याने मानलं आहे. ६.५ ची १५६ ग्रेनची गोळी १०.१ ग्रॅम भरते, म्हणून ती बसते. गोल नाकाची, दिसायला जुनाट, पण कामाला चोख.

मात्र एक गोष्ट नीट समजून घ्या. आमच्याकडे हाका असतो. कुत्रे मूसला उठवतात किंवा रोखून धरतात, आम्ही ठरलेल्या जागी उभे असतो, आणि बार बहुधा शंभर मीटरच्या आत होतो. झाडीतून जेमतेम एवढंच दिसतं. तुमच्याकडे दरीच्या एका कडेवरून दुसऱ्या कडेवर नेम धरावा लागतो. आमच्या ६.५ चा हवाला देऊन कुणी तुम्हाला ४०० यार्डांवर एल्क मारायला सांगत असेल, तर ऐकू नका.

शिवाय इथे बहुतेक गटांत हंगामाआधी रुळावरून धावणाऱ्या मूसच्या पुठ्ठ्यावर नेमबाजी करून दाखवावी लागते. तशी सोय तुमच्याकडे नसेल तर स्वतःच स्वतःची परीक्षा घ्या.

खिंडीपार

इथे मॅग्नमची बाजू कुणीच घेत नाही म्हणून लिहितो. वायोमिंगमध्ये उघड्या माळावर शिकार करतो, .३०० विंचेस्टर मॅग्नम वापरतो आणि ते सोडणार नाही.

कारण वारा. दुपारनंतर इथे वारा असा सुटतो की दोनशे यार्डांपुढे गोळी इंचांनी सरकते. १८० ग्रेनची गोळी .३०-०६ मधून सेकंदाला साधारण २७०० फूट वेगाने निघते, माझ्यातून २९५० च्या आसपास. पल्ल्यावर पोहोचायला वेळ कमी लागतो, म्हणून वाऱ्याला ढकलायला वावही कमी मिळतो. आणि तांब्याच्या गोळीला फुलण्यासाठी धडकेच्या वेळी १८०० ते २००० फूट वेग लागतो. लांब गेल्यावर तोच आधी संपतो. मला तो ४०० यार्डांवरही पुरून उरतो.

दूरदेशींचं म्हणणं चूक नाही, पण ‘गोळी नीट बसली की सगळी काडतुसं सारखी’ हे वाक्य पल्ल्याच्या टोकाला लागू पडत नाही. ज्याला धक्का झेपतो आणि जो वर्षभर सराव करतो, त्याने घाबरू नये. मझल ब्रेक (नळीच्या तोंडाशी बसवायचा, वायू बाजूला फेकणारा तुकडा) लावला तर धक्का बराच उतरतो, पण बाजूला उभ्या माणसाच्या कानांचे हाल होतात. शिकारीत कानावर मफ नसताना तो बार झाला तर कायमचं नुकसान होऊ शकतं. मी ब्रेक लावत नाही.

दूरदेशी

खिंडीपार, वेगाचा मुद्दा मान्य. तुमच्या माळावर मीही ७ एमएम मॅग्नमच नेईन. माळरान यांनी ३०० यार्डांची मर्यादा आधीच घातली आहे, म्हणून मी त्या हिशेबाने बोललो. .३०८ ची १६५ ग्रेनची गोळी २७०० ने निघाली, तर ३०० यार्डांवर २१०० च्या वर वेग राहतो. म्हणजे तांब्याची गोळीही फुलते.

एक सावधगिरी मात्र बाळगा. डब्यावर छापलेला वेग बहुधा २४ इंची नळीतला असतो. नळी २० इंचांची घेतलीत तर दर इंचाला वीस-तीस फूट वजा करा.

सुरंगी

मी डॉक्टर आहे, शिकारी नाही. नवऱ्यामुळे विषयाशी संबंध येतो. दोघं मांस घरी खाणार आहात, म्हणून लिहिते. शक्य असेल तर तांब्याचीच गोळी घ्या.

शिशाची गोळी शरीरात फुटते तेव्हा बारीक कण जखमेपासून बरेच दूर उडतात. डोळ्यांना दिसत नाहीत, दातांना लागत नाहीत. क्ष-किरणांत दिसतात. लहान मुलं आणि गरोदर स्त्रियांसाठी शिशाची सुरक्षित पातळी अशी कुठलीही नाही. बॉन्डेड गोळीत कण कमी उडतात, पण उडतात. निदान जखमेभोवतीचं मांस सढळ हाताने कापून टाका.

आणि रानात टाकलेला कोथळा गिधाडं, गरुड खातात. कॅलिफोर्नियात काँडोर (तिथली मोठी गिधाडं) शिशाने मरत होते. १ जुलै २०१९ पासून त्या राज्यात शिकारीला शिशाची गोळी पूर्ण बंद आहे. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या औषधामुळे आपल्याकडची गिधाडं कशी नाहीशी झाली ते आपण पाहिलं आहे. मेलेल्या जनावरातून विष पुढे कसं जातं, हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको.

रोहीवाला

आमी वऱ्हाडातले, शेतीवाले. रानडुक्कर आन् रोही रातोरात तूर-हरभरा साफ करतात. वन खात्याच्या परवानगीनं मारता येतं, पण परवाना, माणूस, बंदूक सारं जुळून येईलोक पीक हातचं गेलेलं असते. आमच्याकडं बारा बोअर नाहीतर .३१५. .३०३ सैन्याचं म्हणून सामान्य माणसाला भेटत नाही, म्हणून सरकारी कारखान्याची .३१५.

येक सांगतो. बारा बोअरच्या छर्ऱ्यानं दूरून मारलेलं डुक्कर जखमी होऊन धुऱ्याच्या पराट्यांत शिरते आन् दुसऱ्या दिवशी शेतात गेलेल्या बाईवर धावते. असं आमच्या शिवारात झालं हाय. काडतूस बरोबर नसलं तर त्याचा भोग दुसऱ्यालेच भोगावा लागते. तुमी लोक एवढा विचार करून राह्यले, हे वाचून लय बरं वाटलं.

ओंजळ

सगळं वाचलं. भाषा संयमी आहे, तरी मनात एक प्रश्न राहतो. दुकानात मांस मिळत असताना रानातलं जनावर मारायचंच कशाला?

दूरदेशी

ओंजळ, प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर सांगतो, पटलंच पाहिजे असं नाही.

१९०० च्या सुमारास संपूर्ण उत्तर अमेरिकेत एल्क एक लाखाच्याही खाली आले होते. बेबंद, बाजारू शिकारीने ही गत केली. आज ते दहा लाखांच्या घरात आहेत. मधल्या काळात कोटा, हंगाम, परवाने आले, आणि १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने रायफल आणि काडतुसांवरचा कर, जो आज ११ टक्के आहे, वन्यजीवांच्या कामासाठी राज्यांना मिळू लागला. माळरान जे काडतूस विकत घेतील, त्यातही हा कर आहेच.

दुसरं म्हणजे, दुकानातल्या मांसाचं मरण मला दिसत नाही. हे दिसतं, आणि त्याची जबाबदारी माझ्यावर येते. ती नीट पार पाडता यावी म्हणूनच हा सगळा काथ्याकूट. ज्याला हे नको, त्याच्याबद्दल मला पूर्ण आदर आहे.

ओंजळ

शेवटचा परिच्छेद पोहोचला. मी शाकाहारीच राहणार, पण आता धागा पुढे वाचेन.

नर्मदातीर

जुन्या माहितीत रस असणाऱ्यांसाठी थोडं अवांतर. ‘मोठं जनावर, मोठं काडतूस’ या समजाला डब्ल्यू. डी. एम. बेल हा अपवाद नेहमी पुढे केला जातो. त्याने हजाराहून जास्त हत्ती मारले, त्यांतले बरेचसे ७×५७ माउझरसारख्या लहान काडतुसाने. पण तो न फुलणारी, लांब, टणक गोळी वापरत असे, आणि मेंदू नेमका कुठे आहे हे कळावं म्हणून त्याने हत्तीची कवटी करवतीने कापून पाहिली होती. ज्याला शरीररचनेचा इतका अभ्यास नाही, त्याने त्याचं उदाहरण देऊ नये. आज आफ्रिकेतल्या अनेक देशांत हत्ती-रानरेड्यासाठी १९१२ चं .३७५ हॉलंड अँड हॉलंड हीच खालची मर्यादा मानतात.

हिंदुस्थानचाही यात वाटा आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रज सरकारने इथे आणि सुदानात .४५० बोअरवर बंदी घातली. बंडखोरांकडे जुन्या मार्टिनी-हेन्री रायफली होत्या आणि त्यांना .४५० ची गोळी चालली असती, ही भीती. साहेबांना वाघ-गव्यासाठी जड रायफल तर हवीच होती, म्हणून लंडनच्या बंदूकवाल्यांनी .४६५, .४७० अशी नवी काडतुसं काढली. आफ्रिकेत पुढे गाजलेलं .४७० या बंदीमुळे जन्माला आलं.

पाचोळा

नर्मदातीर, हे माहीत नव्हतं. धन्यवाद!

माळरान, एक विचारतो, राग मानू नका. तुम्ही ग्रीन कार्डावर आहात ना? माझ्यासारखे एच-वन-बी वाले बरेच जण हे वाचत असतील. बिगर-स्थलांतरित व्हिसावर बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगायला संघराज्याच्या कायद्याने एरवी मनाई आहे. कुठल्या तरी राज्याचा चालू शिकार परवाना हातात असेल तर त्यातून सूट मिळते. मी आधी तो काढला, मगच दुकानात गेलो. त्याची मुदत संपू देऊ नका. आणि मित्राची रायफल रेंजवर ‘सहज’ हातात घेण्याआधीही हे तपासा.

माळरान

हो, ग्रीन कार्ड आहे. पण पाचोळा, हे लिहिलंत ते फार बरं केलंत.

दोन आठवडे वाचन आणि रेंज झाल्यावर इथवर आलो आहोत. ६.५ क्रीडमूर, ७ एमएम-०८ आणि .३०८ तिन्ही मारून पाहिली. क्रीडमूर दोघांनाही सगळ्यांत गोड वाटलं, लपवत नाही. १४३ ग्रेनची गोळी ३०० यार्डांवर साधारण १६०० फूट-पाउंड राखते. एल्कला १५०० हवेत असं बरेच जण सांगतात, म्हणजे काठावर पास. दूरदेशी, काय म्हणता?

दूरदेशी

१५०० हा आकडा कुणाच्या तरी अनुभवातून आलेला अंदाज आहे, जनावराला तो माहीत नसतो. क्रीडमूरने दरवर्षी एल्क पडतात. तरी तुमच्या जागी मी .३०८ घेईन, आणि कारण ऊर्जेचं नाही. पहिल्याच हंगामात जनावर अगदी सोयीचं उभं राहील याची खात्री नाही. .३० ची १६५ ग्रेनची जाड गोळी तिरक्या कोनात थोडी जास्त चूक सांभाळून घेते, तीही खांद्याला सोसवेल इतक्या धक्क्यात. शिवाय डोंगरातल्या लहानशा गावात, जिथे किराणा आणि गळ एकाच फळीवर असतात, तिथेही .३०८ चा डबा सापडतो. ७ एमएम-०८ सुंदर काडतूस आहे, .३०८ चीच पुंगळी तोंडाशी आवळलेली, पण हंगामाच्या आदल्या दिवशी ते कुठेही मिळेल याची मला खात्री वाटत नाही.

खिंडीपार

तुमच्या ३०० यार्डांसाठी .३०८ ला माझाही पाठिंबा. फक्त वारा असेल तर मर्यादा २०० वर आणा आणि जवळ सरका. एल्कच्या वाऱ्याच्या खालच्या बाजूने.

अबोली

ठरलं मग. .३०८, दोन रायफली, माझ्या रायफलीला आखूड दस्ता. गोळी तांब्याची, १५० किंवा १६५ ग्रेन, ज्या रायफलीला जी मानवेल ती. बिनचूकताई, डमी काडतुसाचा प्रयोग केला. नळी पहिल्यांदा चांगलीच डुबली. आता डुबत नाही.

सरावाबद्दल सांगा. आम्ही आजवर टेबलावरूनच मारत आलो.

दूरदेशी

टेबल फक्त दुर्बीण जुळवण्यापुरतं. २०० यार्डांवर शून्य करा, म्हणजे त्या अंतरावर गोळी नेमक्या नेमावर बसेल असं जुळवा. मग साधारण असं येईल: १०० वर दोन इंच वर, ३०० वर आठ-नऊ इंच खाली. ते पक्कं झालं की टेबल सोडा. बसून, गुडघ्यावर, पिशवीवर टेकवून, दोन काठ्यांच्या आधाराने. दहा इंचांची कागदी थाळी लावा. ज्या अंतरावर बसून मारलेल्या सगळ्या गोळ्या थाळीत पडतात, तीच तुमची मर्यादा. दोघांची वेगळी येईल, येऊ द्या. सरावाआधी जरा पळून या, दम लागलेला असू द्या. दहा हजार फुटांवर तो लागणारच आहे.

बार झाला की लगेच बोल्ट ओढून दुसरी गोळी भरा आणि जनावर उभं असेल तर पुन्हा मारा. एल्क फुफ्फुसांत गोळी घेऊनही काही क्षण जसाच्या तसा उभा राहतो, नवख्याला वाटतं चुकली. दिसेनासा झाला तर तो उभा होता ती जागा नीट लक्षात ठेवा आणि अर्धा तास थांबून मग माग घ्या. गोळी पोटात बसल्याची शंका असेल तर कित्येक तास थांबा. घाईने मागे लागलात तर तो उठून आणखी लांब जातो.

माळरान

शेवटची शंका. रेंज पाच हजार फुटांवर, शिकार नऊ-दहा हजारांवर. हवा विरळ, म्हणजे गोळी वाटेत कमी खाली येणार. दुर्बीण पुन्हा जुळवायला हवी का?

दूरदेशी

तुमच्या पल्ल्यात तो फरक इंचाच्या आतच राहतो, त्यासाठी काही फिरवू नका. पण मुक्कामी पोहोचल्यावर दोन-तीन गोळ्या मारून बघाच, गाडीच्या धक्क्यांनी दुर्बीण हललेली असू शकते. कायद्याने चालेल अशी जागा आणि मागे मातीचा उंचवटा बघून मारा. आणि त्या गोळ्या एकामागून एक मारू नका. एक मारा, नळी पूर्ण गार होऊ द्या, मग दुसरी. शिकारीत पहिली गोळी गार नळीतूनच जाते, तीच कुठे बसते ते तुम्हाला माहीत हवं. काडतुसंही सरावाच्या डब्यातली, त्याच लॉटची न्या. आत्ताच चार-पाच डबे एका लॉटचे घेऊन ठेवा, ऑक्टोबरात मिळतीलच असं नाही.

अबोली

आजच घेते.